सरांनी राखून ठेवलेला शब्द

आमच्या इंग्रजीच्या सरांइतकं कमी इंग्रजी बोलणारा इंग्रजीचा शिक्षक साऱ्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. माझ्या ओळखीत तेवढं इंग्रजी येणारं दुसरं कोणी नाही, आणि मी आता कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करते आहे, म्हणून हे थोडा धीर करून म्हणते. पण सरांचा एक नियम होता. जी वस्तू आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नाही, तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. शब्द पाठ करावा, स्पेलिंग घोकावं, परीक्षेत खुशाल लिहावा, कारण परीक्षा हा सरकारचा मामला. पण बोलताना वापरायचा नाही. "न बघता बोललास तर ती थाप झाली," सर म्हणायचे, "मग ती इंग्रजीत मार नायतर मराठीत." पाहिलेल्या वस्तूचा शब्द तो पक्का, न पाहिलेल्याचा तो कच्चा. कच्चा शब्द चुकून कोणी बोललाच तर सर हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "पुरावा?" पुरावा नसला तर शब्द परत घ्यावा लागे. म्हणजे उभं राहून "शब्द परत घेतला, सर" असं म्हणावं लागे, आणि मगच खाली बसता येई.

सरांचा क्लास भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत भरायचा. खाली दिवसभर लूम चालत. वर फरशी थरथरायची, टेबलावरचा खडू आपोआप चालत जाऊन कडेवरून उडी मारायचा, आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी 'व्हायब्रेट' हा शब्द पक्का करून मिळायचा. त्या खटखटीत ऐकू जावं म्हणून सर ओरडून शिकवत. मधेच वीज गेली की खालचे लूम एका क्षणात गप्प होत. सरांना मात्र थांबायला क्षणभर उशीर होई. त्यामुळे "द हेन लेज ॲन एग!" असं एखादं वाक्य एवढ्या मोठ्याने रस्त्यावर जाऊन पडायचं की समोरचा पानवाला वर बघून विचारायचा, "क्या हुआ, मास्टरजी?" सर खिडकीतून हात हलवून म्हणायचे, "कुछ नहीं, अंडा दिया।"

पुरावा आणायची आम्हाला सवयच लागली होती. कशेळीचा एक मुलगा 'क्रॅब' पक्का करायला खाडीतला जिवंत खेकडा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आला. पिशवी फाटली, खेकडा बाकांखाली गेला, आणि त्या दिवशी 'क्रॅब'बरोबर 'पिंच', 'स्क्रीम' आणि 'अंडर द बेंच' असं बरंच काही पक्कं झालं. आमच्या आधीच्या बॅचमधल्या एका मुलाचे वडील चुन्याचं, रंगाचं काम करायचे. त्याने 'लॅडर'चा पुरावा म्हणून वडिलांची लांबलचक शिडी खांद्यावर घेतली आणि ती आमच्या अरुंद जिन्याच्या वळणात अशी अडकवली की वरची मुलं वर आणि खालची खाली राहिली. सर वरून ओरडले, "लॅडर बघितला, पक्का! आता परत ने!" पण ती ना वर येई ना खाली जाई. 'ब्राइड' शब्दासाठी सर सगळ्या वर्गाला घेऊन कोन गावातल्या एका लग्नाला गेले होते. नवरीच्या वडिलांना वाटलं ही नवऱ्याकडची पोरं, आणि नवऱ्याकडच्यांना वाटलं ही नवरीकडची. दोघांनी आग्रहाने जेवायला घातलं. सर परतताना गंभीरपणे म्हणाले, "आज 'हॉस्पिटॅलिटी' पण झाला."

या नियमामुळे आमचं इंग्रजी बरोबर भिवंडीएवढंच होतं. बॉबिन, शटल, कंटेनर, ट्रॅफिक, क्रीक, पॉटहोल हे शब्द आमच्याइतके चांगले बहुतेक इंग्रजांनाही येत नसतील. पण स्नो, डेझर्ट, कांगारू यांच्याकडे आम्ही परक्याच्या घराकडे बघावं तसे लांबून बघायचो. इतर क्लासची मुलं घडाघडा इंग्रजी बोलायची. आमची मुलं बोलता बोलता अडायची आणि मनात म्हणायची, हे मी पाहिलंय का? कॉलेजात मी अजून तशीच अडते. प्रोफेसर मॅडमना वाटतं मी घाबरते. तसं थोडंसं खरंही आहे.

या नियमाचा मलाही एकदा फटका बसला. आठवीत होते. क्लासला उशिरा आले आणि नुकतं शिकलेलं वाक्य वापरावं म्हणून म्हटलं, "सर, आय ॲम टायर्ड."

सरांनी हात पुढे केला. "कशानं?"

"होमवर्क होता, सर."

"तो कंटाळा. 'बोअर्ड' म्हण, चालंल. 'टायर्ड' तुझी आई हाय." माझी आई तेव्हा वळ गावच्या एका गोदामात पॅकिंगला जायची, उभ्याचं काम होतं, आणि सरांना ते माहीत होतं. "तुला हा शब्द अजून मिळायचा न्हाय, पोरी. न्हायच मिळाला तर उत्तम."

मी उभी राहिले आणि शब्द परत घेतला. सगळे हसले. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती पण हसली, पण पाय चेपत.

आता सरांच्या त्या एका शब्दाबद्दल सांगते, म्हणजे जमेल तसं सांगते. तो शब्द 'राइम'. लहान मुलांची गाणी म्हणतात त्या राइम्सशी त्याचा काही संबंध नाही; उच्चार तेवढा एक, स्पेलिंग वेगळं, घराणं वेगळं. हा राइम म्हणजे हिम. कडाक्याच्या थंडीत धुक्याचे बारीक थेंब फांदीला, गवताला, कुंपणाच्या तारेला लागले की तिथल्या तिथे गोठतात आणि त्यावर पांढरी, खरबरीत साय धरते. ती साय म्हणजे राइम. तरुणपणी एक जाडा शब्दकोश सरांच्या हाती आला, त्यात त्यांना हा शब्द भेटला, आणि एखाद्याचं एखाद्यावर मन बसावं तसं त्यांचं या शब्दावर बसलं. त्याची त्यांना सगळी माहिती होती. फार पूर्वी त्याच्या सुरुवातीला 'ह'सारखा एक श्वास होता, तो पुढे गळाला. "थंडीत टिकला न्हाय," सर म्हणायचे. त्याचं क्रियापदही होतं: थंडीतून चालत आलेल्या माणसाची दाढी राइम होते, घोड्याची आयाळ राइम होते. जुन्या अर्थाने कुठलंही पांढरं हिम म्हणजे राइम. विज्ञानवाल्यांनी तो अर्थ चिमटीत धरून बारीक केला आणि सांगितलं, धुक्यातून झालं तरच राइम, नाहीतर नाही. मग रोज बोलणाऱ्या लोकांनी 'फ्रॉस्ट' हा शब्द घेतला आणि राइम मागे पडला. शब्दकोशात त्याच्यापुढे लिहिलेलं होतं की हा आता मुख्यतः काव्यात येतो. ते वाचताना सरांचा आवाज उतरायचा. "म्हंजे वाळीत टाकलाय बिचाऱ्याला. कोन बोलत न्हाय त्याच्याशी."

सरांना तो एकदा बोलायचा होता, एवढंच. पण त्यांचाच नियम त्यांच्या आड आला होता. राइम पाहिल्याशिवाय बोलायचा नाही, आणि भिवंडीत राइम कुठून पडणार? आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पंखा एकवर करायचा. तरीही सरांनी वाक्य तयार करून ठेवलं होतं: 'धिस मॉर्निंग आय सॉ राइम ऑन द ग्रास.' ते त्यांनी आम्हाला फळ्यावर लिहून दाखवलं होतं, पण राइमच्या जागी रेघ मारून. ज्या दिवशी पाहीन त्या दिवशी रेघ पुसून शब्द लिहीन, म्हणाले.

आम्ही मुलांनी आपापल्या परीने मदत केली. कोणी खालच्या कारखान्यात नेऊन तारांवर, कोळ्यांच्या जाळ्यांवर साचलेली रुई दाखवली. कोणी पिठाच्या गिरणीवाल्याला वर बोलावलं. त्याच्या भुवया पापण्यांसकट पांढऱ्या. सर प्रत्येक वेळी जवळ जाऊन नीट बघायचे आणि मनापासून वाईट वाटून सांगायचे, "दिसायला आसंल तसा. पन थंड न्हाय ना." एकदा त्यांनी घरच्या फ्रिजवर प्रयोग केला. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळवायचा नाही असा काकूंना हुकूम केला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी तो मुकाट्याने पाळला. बर्फ फुगत फुगत दाराबाहेर आला, दार मोडलं, आणि आत सापडला एक ओबडधोबड गठ्ठा. सरांनी भिंगातून पाहिला. "हा नुसता बर्फ. आनि ह्यात कोथिंबीर हाय."

"गेल्या महिन्यापासून शोधतेय ती जुडी," काकू म्हणाल्या.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी येते, की महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले. बरोबर जीपच्या टपावरच्या पांढऱ्या थराचा फोटो असतो. सर ती बातमी वर्गात वाचून दाखवत आणि जायचं ठरवत. मग कधी परीक्षा यायची, कधी कोणाचं लग्न, कधी काकूंचा गुडघा. एकदा मात्र दोघं खरंच गेली. पहाटे उठायचं ठरलं, उठलीही. पण काकूंना थंडी सोसेना, म्हणून टपरीवर आधी चहा घेतला. चहा घेऊन तलावावर पोचेपर्यंत गवत ओलं होतं, बस. जीपवाला म्हणाला, "आत्ताच गेलं बघा काका, पाचच मिनिटं झाली." सर परत आले ते वर्गात काही बोलले नाहीत. काकू मात्र अजून सांगतात, "जन्मभर ऐकायचं आता. चहाचा कप दिसला की माझ्याकडं बघतात."

तसं नुसतं हसण्यावारी जात राहिलं असतं. पण मी बारावीत असताना सर पायरी चुकून जिन्यात पडले. मग समोरून आलेल्या माणसाचा हात त्यांना दिसेना, बाजूने आलेली रिक्षा दिसेना. ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून आत आत मिटत येते. गेलेली परत येत नाही, राहिलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही. सरांनी आम्हाला हे वर्गात सांगितलं ते असं: "चला, 'ग्लॉकोमा' पक्का झाला." आणि खडू शोधायला टेबलावर हात फिरवू लागले. खडू तिथेच होता, थोडा डावीकडे. मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली तर तिच्यावर ओरडले, की अजून मधला तुकडा शाबूत हाय, त्यातून तू रडताना चांगली दिसतेस.

पण त्यानंतर ते राइमचं नाव काढेनासे झाले. फळ्याच्या कोपऱ्यातलं ते वाक्य, रेघेसकट, कोणीतरी पुसलं, आणि सरांनी परत लिहिलं नाही. मला ते फार लागलं. एका माणसाने आयुष्यभर एकच शब्द राखून ठेवावा आणि तो बोलायच्या आधीच दिसायचं बंद व्हावं, हे मला बरोबर वाटत नव्हतं. पण मी काय करणार होते? महाबळेश्वरच्या पहाटेत त्यांना कोण नेणार, आणि ते पडले तर?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी वळच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर बसायला लागले. सकाळी कॉलेज, दुपारपासून ड्युटी. आईचे पाय आता उभ्याच्या कामाचे राहिले नव्हते. आमच्याकडे फ्रोझन मटार, मासळी, आइस्क्रीम असा माल असतो. बाहेर टेबलाशी घाम आणि आत वजा बावीस. खोके तपासायला जाडं जॅकेट चढवून आत जावं लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा दाराच्या चौकटीवर आणि वरच्या पाइपांवर पांढरी बारीक पिसं उगवलेली दिसली. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिथे गोठते. मी बोट लावलं. खरबरीत होतं, आणि थंड होतं.

त्या रविवारी सरांच्या घरी जाऊन सांगितलं. ते खुर्ची ओढून जवळ आले.

"फांदीसारखं?"

"पिसासारखं, सर."

"हात लावलास?"

"लावला."

"मग तुझा पक्का झाला," ते म्हणाले. जरासा हेवा होता आवाजात.

मी भीत भीत आमच्या सुपरवायझरना विचारलं. बाहेरच्या माणसाला आत न्यायची परवानगी नसते. आमच्या सरांना एकदा कोल्ड रूम बघायचीय, म्हटलं तर ते म्हणाले, "कोन सर?" मी क्लासची खूण सांगितली. ते खुर्चीतून उठलेच. "लूमच्या वरचे सर? आगं, मीच तो लॅडर!"

ठरलेल्या दिवशी सरांना रिक्षाने नेलं. दिवस एप्रिलचे. सरांनी लग्नातला कोट घातला होता आणि माकडटोपी घरूनच चढवली होती. ट्रॅफिकमध्ये रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "चाचा, तबीयत ठीक है ना?"

"एकदम. बर्फ देखने जा रहा हूँ।"

"भिवंडी में?"

"और कहाँ जाऊँ, भाई," सर म्हणाले.

सुपरवायझर दाराशी उभे होते. वाकून पाया पडले. सरांना ते पायाशी दिसले नाहीत, सर समोर बघून विचारत राहिले, "कुठं हाय तो?" मग त्यांना उठवून, खांदे धरून, चेहरा बरोबर समोर आणून पाहिलं. "लॅडर! तुझ्यापायी मी वर दोन तास अडकलो होतो रे."

"बाबा आजून सांगतान, सर. शिडी कापावी लागली ना." मग ते अभिमानाने म्हणाले, "चला आत. सकालपासून पोरं कामाला लावलीत. सर येनार म्हनून."

दार उघडलं. आत सगळं स्वच्छ होतं. चौकट खरवडलेली, पाइप पुसलेले, डीफ्रॉस्ट करून पंख्यांची जाळीसुद्धा काळीभोर लखलखत होती. पांढरं म्हणून कणभर कुठे काही नव्हतं.

"एकदम चकाचक केलंय, सर," सुपरवायझर म्हणाले. "नायतर ते पांढरं पांढरं घान जमलेलं आसतं सगलीकडं. तुमी येनार, मंग बरं दिसतं का ते?"

मी कोणाला काही सांगितलं नव्हतं ना, की सरांना तीच घाण बघायची होती. मला वाटलं होतं, सुपरवायझरना ते हसण्यासारखं वाटेल. घरी कोणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर आम्ही जे करतो तेच त्या लोकांनी केलं होतं. अंगण झाडून काढलं होतं.

सर एका जागी उभं राहून हळूहळू मान फिरवत होते. तो मधला तुकडा भिंतीवरून, खोक्यांवरून, छतावरून नेत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. बघून झाल्यावर म्हणाले, "छान ठेवलंय. फार छान ठेवलंय हो." आणि सुपरवायझरच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना चहाच्या कपाची आठवण झाली असेल का, असं माझ्या मनात आलं.

सुपरवायझर मग सरांना एकेक रॅक दाखवू लागले. हा मटार, ही सुरमई, हे आइस्क्रीम लग्नाच्या ऑर्डरचं. सर प्रत्येकाला "वा" म्हणत होते. मी आईची काळी लोकरी शाल तोंडावरून गुंडाळून मागे चालत होते, आणि रडू येऊ नये म्हणून मोठमोठे श्वास घेत होते. निघू या म्हणून मी पुढे झाले तर सर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी जवळ आले, भिंगातून बघतात तेवढे, आणि माझ्या कानाजवळची शालीची कड दोन बोटांत धरली.

"हालू नकोस," म्हणाले.

माझ्या श्वासाची वाफ शालीवर गोठली होती. काळ्या लोकरीच्या एकेका केसावर पांढरं बारीक उभं राहिलं होतं. माझी पुढे आलेली बट पांढरी झाली होती, पापण्या जड लागत होत्या ते त्यानेच. सर बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटलं थंडीने.

"वाफ," ते हळूच म्हणाले, "म्हंजे धुकंच. धुक्याचं गोठलं. सायन्सवाल्यांचं पन समाधान झालं." मग ते ताठ उभे राहिले, माकडटोपी काढून हातात घेतली, आणि लूम चालू असताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "धिस आफ्टरनून आय सॉ राइम ऑन माय स्टुडंट!"

आत लूम नव्हते. सगळी खोली दणाणली. खोके उचलणारी मुलं थबकली.

"पक्का, सर?" सुपरवायझरनी विचारलं. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण क्लासची रीत ते विसरले नव्हते.

"पक्का."

सुपरवायझरनी जाड हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज होत नव्हता, तरी वाजवत राहिले. एका हमालाने विचारलं, "क्या हुआ, साहब?"

"सर का एक वर्ड बाकी था."

"मिल गया?"

"मिल गया."

"मुबारक हो, चाचा!"

"सर, तुमच्या मिशीवर पन हाय," सुपरवायझर म्हणाले.

"ती माझी जुनीच पांढरी हाय," सर म्हणाले, आणि एवढे हसले की त्यांना धरून बाहेर आणावं लागलं. बाहेर उन्हात माझी शाल लगेच ओली झाली. सरांनी तिच्यावर हात ठेवून बघितलं. "गेला," म्हणाले. पण महाबळेश्वरहून आले होते तसे दिसत नव्हते.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. सरांना आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. क्लास बंद झाला. त्या खोलीत आता सूत गुंडाळलेले कोन ठेवतात. काकू म्हणतात, घरात एवढी शांतता कधी नव्हती, तरी हे ओरडूनच चहा मागतात. मी ड्युटीवरून परतताना अधूनमधून जाते. गेल्या गेल्या ते विचारतात, "आज काय बघितलंस?" मी सांगते: कशेळीच्या पुलावर बंद पडलेली क्रेन, खाडीवरचे पांढरे पक्षी, कोनच्या नाक्यावर भांडणारे दोन टेम्पोवाले. सर प्रत्येकाचा इंग्रजी शब्द बोलतात, चवीने. मी एकदा आठवण करून दिली, की सर, हे तुम्ही कुठे पाहिलंय. ते म्हणाले, "तू बघितलंस ना? मंग झालं." एवढा मोठा नियम त्यांनी एवढ्या सहज मोडला.

गेल्या आठवड्यात परीक्षा आणि ड्युटी एकत्र आली होती. आत-बाहेर करून अंग मोडून आलं होतं. तरी गेले. सरांच्या खाटेशेजारी बसले. त्यांनी नेहमीचं विचारलं आणि मला काही म्हणता काही आठवेना. रस्ता कसा सरला तेही आठवेना.

"आज काहीच नाही बघितलं, सर."

त्यांनी हात पुढे केला. पुरावा मागायचे तसा, तळवा वर. मी काय द्यावं ते न कळून त्यावर माझा हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरला, बोटं चाचपली.

"म्हन आता," ते म्हणाले.

"काय, सर?"

"आठवीतला. परत घेतलेलास तो."

मला एकदम कळलं. काकू दारात चहा घेऊन थांबल्या होत्या.

"आय ॲम टायर्ड, सर."

सरांनी मान हलवली. जन्मभर लूमवर ओरडलेला माणूस, पण "पक्का" हा शब्द ते एवढ्या हळू बोलले की मला त्यांच्या ओठांवरून वाचावा लागला. हात मात्र त्यांनी चहा निवेपर्यंत सोडला नाही.